गाडी फास्ट, टायर लास्ट?

टर्बो इंजिन, सनरूफ, टचस्क्रीन... गाडी घेताना सगळं निरखून बघितलं. पण रस्त्याला टेकतात ते चार तळहात कोण बघणार? नागपूर–मौदा रोजची ये-जा करणाऱ्यांसाठी आणि वीकएंड आला की 'समृद्धी'वर सुसाट सुटणाऱ्यांसाठी, टायरचा हा साधा सरळ कॉमन सेन्स.

तुमची गाडी किती हॉर्सपॉवरची, हे तुम्हाला तोंडपाठ असतं. शून्य ते शंभर किती सेकंदांत, तेही पाठ. आता पटकन सांगा, तुमच्या गाडीच्या टायरवर कुठला नंबर लिहिलाय? तो टायर कुठल्या वर्षी बनला? त्याच्यावर किती मिलिमीटर नक्षी शिल्लक आहे?

आठवत नाही ना? डोण्ट वरी, आठ-दहा जणांच्या ग्रुपमध्ये हे सांगू शकणारा एखादाच निघतो. गंमत म्हणजे आपल्या सव्वा-दीड टन गाडीचा रस्त्याशी जो काही संबंध येतो तो चारच ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी जेमतेम तळहाताएवढा. पिकअप असो, ब्रेक असो की वळण, सगळं काही या चार तळहातांतून जातं. एबीएस, ईएसपी, सहा एअरबॅग हे सगळे नंतरचे पाहुणे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही हे खरं, पण नसलेली ग्रिप ते कुठून आणणार?

हा विषय डोक्यात शिरला तो एका मित्रामुळे. राहतो नागपुरात, नोकरी मौद्याच्या एका कारखान्यात. मौदा म्हणजे आपल्या भंडारा रोडवरचं, कन्हानकाठचं तालुक्याचं गाव. २३२० मेगावॅटचा एनटीपीसीचा वीज प्रकल्प तिथलाच. तर हा पठ्ठ्या रोज जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर गाडी हाकतो. गाडीही साधी नाही, दीड लिटर टर्बो सेडान. सोबत पेट्रोलचा खर्च वाटून घेणारे तीन कलीग. जुलैतल्या एका सकाळी भुरभुर पावसात समोरच्या ट्रकनं अचानक ब्रेक मारला. यानंही मारला. पेडल पायाखाली थरथरलं, एबीएसनं आपलं काम केलं, पण गाडी थांबायलाच तयार नाही. शेवटी ती तिरकी होत ट्रकच्या बाजूनं खाली मातीत उतरली आणि थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पण मागे बसलेल्या दोघांनी दुसऱ्या दिवशीपासून कंपनीची बस पकडली!

टायर बघितले तर बेचाळीस हजार किलोमीटर झालेले. पुढचे दोन जवळपास टकले. मग स्वारीनं आठवडाभर यूट्यूब पालथं घातलं आणि मला फोन केला, "अबे, आपलं ठरलं. ऑल-सीझन परफॉर्मन्स टायर घ्यायचे. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा... तिन्हीला एकच टायर. मस्त ना?"

ऐकायला मस्तच आहे. पण...

बर्फ कुठाय बॉस?

'ऑल-सीझन' हा शब्द आपल्या ऋतूंसाठी जन्मलेलाच नाही. तो अमेरिकेचा. तिकडे थंडीत बर्फ पडतो, म्हणून लोक उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे असे टायरचे दोन सेट ठेवायचे. दर वर्षी दोनदा बदलायची ही कटकट मिटावी म्हणून गुडइयरनं १९७७ मध्ये 'टिएम्पो' नावाचा टायर आणला आणि ऑल-सीझनची फॅशन सुरू झाली. म्हणजे यातला 'ऑल' शब्द खरा सांगतो तो इतकंच, की हा टायर थोड्याफार बर्फातही चालेल. साइडवॉलवर 'एम प्लस एस' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ चिखल आणि बर्फ. आणि त्याहून कडक परीक्षा पास झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं.

आता सांगा, मौद्याला शेवटचा बर्फ कधी पडला होता? (रसवंतीतला धरू नका.)

मुद्दा रबराचा आहे. रबर थंडीत कडक होतं, उन्हात मऊ पडतं. उन्हाळी टायरचं रबर साधारण सात अंशांच्या खाली गेलं की कडक होऊन ग्रिप सोडू लागतं, असं टायरवाल्या कंपन्या सांगतात. हिवाळी टायर त्या थंडीतही मऊ राहतो, पण कडक उन्हात तो लिबलिबीत होऊन झपाट्यानं झिजतो. ऑल-सीझन या दोघांच्या मधला, म्हणजे तडजोडीचा. थंडीत बरा, उन्हात बरा, पण दोन्हीकडे पहिला नंबर नाही.

आणि आपलं गाव कसं? नागपूरचा नीचांक ३.५ अंशांचा, २९ डिसेंबर २०१८ चा. उच्चांक ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. ३० मे २०२४ ला तर इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले होते! नंतर हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सरचा घोळ होता. पण तो आकडा क्षणभर कुणाला खोटा वाटला नाही, यातच सगळं आलं. म्हणजे पारा सात अंशांच्या खाली जातो त्या मोजक्या पहाटा. त्या वेळी आपण रजईत असतो. आणि पंचेचाळीसच्या वर जातो तो मे महिन्यात, भर दुपारी, जेव्हा डांबर हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापलेलं असतं. मग वर्षातल्या चार पहाटांसाठी उरलेल्या दिवसांची ग्रिप का गहाण टाकायची?

'समर' नावाचा गैरसमज

इथे माझ्या मित्राचा प्रश्न अगदी रास्त होता, "म्हणजे समर टायर घ्यायचा? आणि पावसाळ्यात काय घरी बसायचं?"

नावामुळे होणारा हा सगळ्यात मोठा घोटाळा. 'समर टायर' म्हणजे कोरड्या रस्त्याचा टायर नव्हे. 'समर' म्हणजे फक्त 'बर्फाचा नाही तो'. युरोपात उन्हाळ्यात धो-धो पाऊसही पडतो, आणि तिथले चांगले समर टायर ओल्या रस्त्यावर ब्रेक मारायलाच तर बनवलेले असतात. त्यांच्या रबरात सिलिका मिसळलेली असते, ती ओल्या रस्त्यावर पकड देते. मधून रुंद खोल चर असतात, ते पाणी बाहेर फेकतात. ऊबदार पावसात, म्हणजे अगदी आपल्या जुलै-ऑगस्टसारख्या हवेत, चांगला समर टायर त्याच दर्जाच्या ऑल-सीझनपेक्षा सहसा लवकर थांबतो.

म्हणजे मित्राला जे हवं होतं, तिन्ही ऋतूंना एकच टायर, ते बरोबरच होतं. फक्त आपल्या तिन्ही ऋतूंचा टायर दुकानात वेगळ्या नावानं मिळतो. शिवाय आपल्याकडे ऑल-सीझन परफॉर्मन्स म्हणून अमेरिकन व्हिडिओत दिसणारे बरेच मॉडेल मिळतच नाहीत. जून २०२० मध्ये सरकारनं नव्या टायरच्या आयातीवर परवान्याची अट घातली, त्यानंतर बाहेरचा माल आणखी आटला. दुकानात जे दिसतं ते बहुतेक इथेच बनलेलं. त्यात वाईट काही नाही. सीएटचा कारखाना तर आपल्या बुटीबोरीत आहे, दुचाकीच्या टायरचा. ब्रिजस्टोन चाकणला आहे, गुडइयर छत्रपती संभाजीनगरला. टायरच्या बाबतीत महाराष्ट्र घरचाच आहे, राजेहो!

साइडवॉलची कुंडली

लग्न जुळवताना पत्रिका बघतात, तशी टायरचीही पत्रिका असते. ती टायरच्या गालावरच छापलेली. वाचायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे.

मित्राच्या गाडीवर लिहिलं होतं '२०५/५५ आर १६ ९१ व्ही'. यातलं २०५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे गालाची उंची रुंदीच्या ५५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल. १६ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ९१ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर ६१५ किलो पेलतो. आणि 'व्ही' म्हणजे तो ताशी २४० किलोमीटरपर्यंतच्या वेगाला तयार आहे. 'एच' असेल तर २१०, 'टी' असेल तर १९०.

"मी कुठे २४० नं चालवतोय? 'टी' चालेल की, स्वस्त पडेल," असं वाटतंय? थांबा. स्पीड रेटिंग हे नुसतं वेगाचं नाही, ते उष्णता सहन करण्याचंही सर्टिफिकेट आहे. आणि उष्णता हाच तर आपला शत्रू नंबर एक. कंपनीनं जे रेटिंग दिलंय त्याच्या खाली उतरायचं नाही, लोड इंडेक्सच्याही खाली नाही. हा नियम पक्का.

मग येतात चार आकडे एका लंबगोलात. उदाहरणार्थ, २३२५. म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. ही टायरची जन्मतारीख. दुकानात वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेला माल 'फ्रेश स्टॉक' म्हणून गळ्यात मारला जाऊ शकतो, तेव्हा चारही टायरची तारीख स्वतः वाकून वाचा. आणि नक्षी कितीही शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांच्या टायरला दरवर्षी जाणकाराला दाखवा, दहा वर्षांच्या टायरला तर सरळ रामराम. स्टेपनीलाही हेच लागू.

काही टायरवर 'ट्रेडवेअर ३००', 'ट्रॅक्शन ए', 'टेंपरेचर ए' असंही छापलेलं असतं. ही अमेरिकी सरकारची पद्धत. टेक्सासमधल्या सॅन अँजेलो गावाजवळच्या सार्वजनिक रस्त्यांवर गाड्यांचा ताफा ७२०० मैल पळवतात आणि टायर किती झिजला ते १०० आकड्याच्या टायरशी ताडून बघतात. ढोबळमानानं आकडा मोठा तर टायर जास्त टिकणार. ३०० च्या आसपास म्हटलं की स्पोर्टी, ४०० ते ६०० म्हटलं की लांब पल्ल्याचा टूरिंग. पण हा आकडा कंपनी स्वतःच देते, त्यामुळे दोन वेगळ्या ब्रँडची तुलना करताना चिमूटभर मीठ टाकून घ्या. आपल्या कामाचं खरं अक्षर म्हणजे टेंपरेचरचं. 'ए' म्हणजे ताशी १८५ किलोमीटरच्या वरही उष्णता झेलणारा. नागपूरकरांनी 'ए'च बघावं.

पंचेचाळीस अंशांचा पेपर

मौद्याला हायवेलगत एका टायरवाल्या काकांकडे आम्ही थांबलो होतो. त्यांचं गिऱ्हाईक मुख्यतः ट्रकवाले. मित्रानं विचारलं, "काका, टायर फुटतात ते उन्हामुळेच ना?" काका हसले. म्हणाले, "ऊन बदनाम आहे रे बाबू. फोडते ती कमी हवा. ऊन फक्त निमित्त!"

काकांनी एका वाक्यात फिजिक्स सांगितलं. हवा कमी असली की टायरचे गाल प्रत्येक चक्करला जास्त दबतात. दबणं-उठणं, दबणं-उठणं, मिनिटाला शेकडो वेळा. त्यातून उष्णता तयार होते, रबर आणि आतले पदर सैल होतात आणि एका क्षणी धाडकन... वरून तापलेला रस्ता, गाडीत पाच माणसं आणि डिकीत लग्नाचं सामान असेल तर बघायलाच नको.

म्हणूनच 'समृद्धी'. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. सरळसोट सिमेंटचा रस्ता, कारला ताशी १२० ची परवानगी. शहरात आपण सिग्नलला थांबतो, टायर जरा श्वास घेतो. इथे तो दोन-दोन तास सलग तापत राहतो. जो दुबळा टायर भंडारा रोडवर वर्षभर निभावून नेतो, तो इथे एका दुपारी नापास होऊ शकतो. २०२३ मध्ये परिवहन विभागानं या महामार्गाच्या प्रवेशाशी टायर तपासायला आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती उगाच नाही.

आता हवेचा हिशेब. तापमान दहा अंशांनी बदललं की कारच्या टायरमधला दाब साधारण दीड ते दोन पीएसआयनं बदलतो. मेच्या चाळीस अंशांत ३३ भरलेला टायर, एकही पंक्चर नसताना, जानेवारीच्या दहा अंशांच्या सकाळी २८ च्या आसपास दिसेल. शिवाय टायरमधून थोडी थोडी हवा झिरपत असतेच, ती वेगळी. म्हणून महिन्यातून दोनदा गेज लावा, आणि तेही सकाळी, गाडी थंड असताना. तीस किलोमीटर पळवून पेट्रोल पंपावर गेलात की गेज ३७-३८ दाखवणार, पंपवाला म्हणणार 'जास्त आहे, काढतो', आणि तुम्ही हो म्हणणार. इथेच घोळ! गरम टायरची वाढलेली हवा काढायची नसते. थंड झाला की तो नेमका कमी हवेचा होतो, आणि पुढचं काकांनी सांगितलंच आहे.

आणि नायट्रोजन? भरायला हरकत नाही. कोरडा असतो, जरा हळू झिरपतो. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि उन्हात दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो. 'नायट्रोजन भरलाय' म्हणून गेज विसरू नका, एवढंच.

पहिला पाऊस, पहिली घसरण

जूनचा पहिला पाऊस कवींना आवडतो, टायरला नाही. चार महिन्यांची धूळ, डिझेलचं सांडलेलं तेल, घासलेलं रबर हे सगळं पाण्यात मिसळून रस्त्यावर साबण तयार होतो. मौद्याकडच्या रस्त्याला आणखी एक खास मसाला. हा धानाचा पट्टा. जुलैत रोवणी सुरू झाली की चिखलणी करून आलेले ट्रॅक्टर बांधीतून थेट रस्त्यावर चढतात आणि मागे चिखलाचे लाडू सोडत जातात. डांबर दिसतं, पण त्यावर पातळ थर असतो. वेग सत्तरचा असला तरी हा थर माफ करत नाही.

मग मोठा पाऊस. साचलेल्या पाण्यावर वेगात चढलं की टायर पाणी कापण्याऐवजी पाण्यावर तरंगतो. स्टिअरिंग एकदम हलकं होतं, ब्रेक लागत नाही. याला म्हणतात ॲक्वाप्लेनिंग. विमानांच्या टायरवरून काढलेलं एक जुनं सूत्र आहे, त्याच्या हिशेबानं ३३ पीएसआयच्या टायरला ताशी ९५ च्या आसपास हा धोका, आणि हवा २५ वर आली तर ८३ च्या आसपासच. कारच्या झिजलेल्या टायरला तर त्याच्याही आधी. म्हणजे हवा कमी असली की उन्हातही मरण आणि पावसातही मरण!

नक्षीचं कामच पाणी बाहेर काढणं. नव्या टायरला ती सात-आठ मिलिमीटर असते. आपल्या कायद्यानं कारला किमान १.६ मिलिमीटर हवी. चरांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानंही संपला. पण ओल्या रस्त्यावरची पकड तीन मिलिमीटरच्या खालीच झपाट्यानं घसरू लागते. ताशी शंभरला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. दोन-तीन गाड्यांच्या लांबीचा फरक तिथे म्हणजे घरी पोचणं आणि न पोचणं यांतला फरक. म्हणून कायद्याची नाही, पावसाची वाट बघा. मेमध्ये तीनवर आलेला टायर जूनच्या आधी बदला.

ओल्या रस्त्यावरची पकड दुकानात कशी ओळखायची? १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडे नव्या डिझाइनच्या टायरना ओली पकड, रोलिंग रेझिस्टन्स आणि आवाज यांचे किमान निकष लागू झाले. पण तो पास-नापासचा निकाल, पहिला नंबर कुणाचा ते त्यातून कळत नाही. त्यासाठी एक आयडिया. तेच मॉडेल युरोपात विकलं जात असेल तर तिथलं लेबल नेटवर शोधा. ए ते ई अशा श्रेणीत ओल्या रस्त्याचं ब्रेकिंग दिलेलं असतं. इथे बनलेला टायर तंतोतंत तोच असेल असं नाही, पण कंपनीनं तो कशासाठी बनवलाय याचा अंदाज नक्की येतो.

सतरा इंची मोह

टायर बदलतोच आहोत तर अलॉयही मोठे टाकू, हा विचार येतोच. मित्रालाही आला. सोळाच्या जागी सतरा इंच, २२५/४५. बाहेरचा व्यास जेमतेम अर्ध्या टक्क्यानं बदलतो, म्हणजे स्पीडोमीटरला फरक नाही. गाडी दिसते कातिल. वळणात स्टिअरिंग झटपट ऐकतं.

पण व्यास तेवढाच ठेवून रिम मोठं केलं म्हणजे रबर कमी झालं. २०५/५५ च्या गालाची उंची ११३ मिलिमीटर, २२५/४५ ची १०१. हा जो बारा मिलिमीटरचा घास आपण कमी केला, तोच खड्ड्याचा मार खात होता. आता तो मार रिमला आणि गालाला. परिणाम ठरलेला, रिम वाकडं नाहीतर टायरला फुगा. आणि गालावर आलेला फुगा दुरुस्त होत नाही. आतले धागे तुटलेले असतात, टायर फेकावाच लागतो. ज्याला रोज ट्रकांच्या रांगेतून जायचंय, डायव्हर्शनच्या कडा चढायच्यात, त्यानं कंपनीच्या साइझवर राहावं. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, हाही तोटा आहेच. मोठे अलॉय हवेच असतील तर आधी विमा कंपनीला विचारा, नाहीतर क्लेमच्या वेळी नको ते प्रश्न निघतील.

दोन नवे... पुढे की मागे?

बजेटची गोष्ट निघाली की सगळे म्हणतात, पुढचे दोनच बदल, ब्रेक आणि पॉवर पुढेच तर आहे. चार चांगले टायर म्हणजे पगाराचा मोठा लचका, हे मान्य. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा.

पण दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे लावा. हो, पुढची चाकं गाडी ओढत असली तरीही! पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते. तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता, वेग कमी होतो, पकड परत येते. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि सावरायला रॅली ड्रायव्हरचं कसब लागतं. ते तुमच्याकडे-माझ्याकडे नाही. माझ्या मित्राच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता, त्याचे मागचेही तीनच्या खाली गेलेले. त्यानं चारही बदलले. साइझ कंपनीचाच, रेटिंग 'व्ही', नावात 'सीझन' शब्दही नाही, युरोपच्या लेबलवर ओल्या रस्त्याला 'ए'. वर उरलेल्या पैशांत चांगलं डिजिटल गेज. सतरा इंची अलॉयचा नाद तूर्त सोडला. मागे बसणारे दोघं अजून बसनंच जातात, पण तिसऱ्यानं सीट बुक केलीय!

दुकानात जाताना...

• दारावरच्या किंवा पेट्रोल झाकणाच्या आतल्या स्टिकरवरचा साइझ आणि हवेचा आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून न्या. हवा स्टिकरप्रमाणे भरा, टायरच्या गालावर छापलेल्या कमाल आकड्याप्रमाणे नाही.

• रोज शहर आणि हायवे, कुटुंबासोबत? टूरिंग टायर, ओल्या रस्त्याला उत्तम. वीकएंडला चिखलदऱ्याचा घाट आणि वळणांचं वेड? परफॉर्मन्स समर टायर, पण तो लवकर झिजेल याची मनाची तयारी ठेवून.

• नक्षी एका दिशेची असेल तर गालावरचा बाण गाडी चालते त्या दिशेला आहे ना, बघा. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेरच हवी.

• आयएसआयचा शिक्का आणि चार आकडी जन्मतारीख बघितल्याशिवाय टायर रिमवर चढवू देऊ नका. चढला की तो तुमचा.

• नव्या टायरबरोबर नवे वॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. गाडी एका बाजूला ओढत असेल तर महागडा टायरही काही महिन्यांत कडेनं खाल्ला जातो.

• पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा बेतानं. नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीत थर असतो, तो घासून जाऊ द्या.

• आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करा. चारही एकसारखे झिजतील.

• पक्कं बिल घ्या. वॉरंटीला उद्या तेच लागतं.

बाकी इंजिनचा आवाज पार्किंगमध्ये ऐकवून पोरांकडून 'वाह' मिळवता येते. टायरला कुणी वाह म्हणत नाही. ते काम करतात तेव्हा काहीच घडत नाही, आणि संध्याकाळी साडेसातला दाराची बेल वाजते. या रविवारी सकाळी चहा प्यायच्या आधी पार्किंगमध्ये उतरा, गुडघ्यावर बसा आणि आपल्या गाडीचे चार तळहात एकदा वाचून बघा!